रिकाम्या पत्त्यांवर कोण येतं?

निवृत्त झाल्यापासून हळदीकुंकवाला गेलं की कुणी ना कुणी विचारतंच, "सुनंदाताई, तुम्ही कॉलेजात नेमकं काय करत होता?" मी सांगते, "जिथं कुणीच राहत नाही, तिथं पहारा देत होते." मग समोरची बाई चमचा हातात धरून माझ्याकडं अशी बघते की हिला घरी बसणं मानवलेलं दिसत नाही. आमच्या घरचे तर सरळ सांगतात, "ती भुताटकीच्या खात्यात होती." हसा म्हणावं. जे मी बघितलंय ते यांनी बघितलं असतं तर घरातल्या टीव्हीवरसुद्धा टॉवेल टाकून बसले असते.

धाराशिवजवळच्या एका संस्थेत मी नेटवर्कचं काम बघायचे. एकाच आवारात इंजिनिअरिंग कॉलेज, नर्सिंगचं कॉलेज आणि संस्थेचाच दवाखाना. आता इंटरनेटचं असं असतं, की प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता लागतो, घराला नंबर असतो तसा. इंटरनेट नवंनवं होतं, पत्ते मागायलाही कुणी पुढं येत नव्हतं, तेव्हा संस्थेनं अर्ज केला आणि पत्त्यांची अख्खी रांग आमच्या पदरात पडली. नवीन कॉलनीचा लेआउट पडतो, सगळ्या प्लॉटांना नंबर पडतात आणि घरं मात्र एका कोपऱ्यात दोन-चारच उठतात, तसं आमचं झालं. बाकीचे पत्ते नुसतेच पडलेले. तिथं मशीन नाही, माणूस नाही, तो पत्ता कुणाला दिलेला नाही.

एकदा अध्यक्षसाहेबांना हे कळलं. ते म्हणाले, "मॅडम, एवढी जागा रिकामी कशाला ठेवलीय? लोक अतिक्रमण करतात. काहीतरी बांधून टाका." मी म्हटलं, "साहेब, तिथं बांधायचं काही नाही, तिथं बसून ऐकायचंय." त्यांनी चहा मागवला आणि विषय संपवला.

ऐकायचं म्हणजे काय ते सांगते. ज्या पत्त्यावर कुणी राहतच नाही तिथं कुणी यायचं कारण नाही. मग जो येतो तो एक तर वाट चुकलेला, नाहीतर ओळीनं सगळ्या घरांच्या कड्या हलवून कुठली सैल आहे ते बघणारा. या कड्या हलवण्याला आमच्यात स्कॅन म्हणतात. खऱ्या घरात दिवसभर माणसांची ये-जा असते, त्यात चोर उमगत नाही. मोकळ्या प्लॉटवर आला की तो उघडा पडतो. म्हणून मी भंगारात काढलेलं एक मशीन साफसूफ करून त्या सगळ्या रिकाम्या पत्त्यांवर बसवलं. बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, कोण आलं तेवढं टिपायचं.

मला वाटलं होतं, दिवसाकाठी एखादा भुरटा येईल. मशीन सुरू केलं, चहा ओतला, कप तोंडाला लावते तोवर पडदा भरून वाहायला लागला! तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ पेटावी तशा एकामागून एक थापा. चीन म्हणू नका, ब्राझील म्हणू नका, जिथं कोण राहतं हेही मला ठाऊक नाही अशा मुलखांतून. मला वाटलं, मशीनच बिघडलंय. बंद केलं, परत सुरू केलं. तेच. आई गं! ज्या पत्त्यांचं अस्तित्व आमच्या अध्यक्षांनाही माहीत नाही, त्यांची कडी सगळं जग हलवत होतं. त्या दिवशी बसमधून घरी येताना खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक दुकानातल्या कॉम्प्युटरकडं बघून मनात येत होतं, अहो, तुमची कडी आत्ता कुणीतरी हलवतंय, आणि तुम्ही बिलं फाडताय.

सगळे चोरच असतात असं मात्र नाही. एकदा एक पाहुणा रोज ठरल्यासारखा एकाच रिकाम्या पत्त्यावर यायचा. कडी नाही, कुलूप नाही, नुसतं काहीतरी ठेवून जायचा. उघडून बघते तर तुरीची वजनं! सोबत दुकानाचं नाव, मुरुम गावची आडत. मी फोन लावला. पलीकडं मालक, सगळे त्यांना अप्पा म्हणत होते.

"अप्पा, तुमचा वजनकाटा आमच्याकडं वजनं पाठवतोय."

"आँ? तुमी कोन?"

मी सांगितलं. 

"म्हंजी आमच्या तुरीचं वजन धाराशिवला जातंय? आन् आमी हितं कॉम्प्युटरला शिव्या घालतोय, की वजन येत न्हाय म्हून! मुनीमाला तर म्या काय काय बोललो!"

काटा बसवणाऱ्यानं पत्त्यातला एक आकडा चुकवला होता, बाकी काही नाही. अप्पांनी लगेच विचारलं, "मग समदं जपून ठिवलंय का ताई? तेवढं धाडून द्या की." मी धाडून दिलं. पुढच्या बाजाराला एसटीच्या कंडक्टरच्या हाती घरी तुरीची डाळ आली आणि आमच्या घरच्यांना माझ्या भुताटकीच्या खात्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

पुढं मी आणखी एक गोष्ट केली. एका रिकाम्या पत्त्यावर एक खोटं दार बसवलं. ते नाव आणि पासवर्ड विचारायचं, कुणी काहीही टाकलं तरी उघडायचं नाही, काय टाकलं ते मात्र लक्षात ठेवायचं. चोरांच्या टोळ्या जगात कुठंही चाललेला पासवर्ड गोळा करतात आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारोदार फिरतात. त्या जुडग्यात कुठल्या किल्ल्या आहेत ते मला त्या दारावर दिसायचं. तेच ते, एक-दोन-तीन-चार, कंपनीची नावं, कुत्र्यांची नावं. बघून बघून कंटाळा आला होता.

आणि नवरात्राच्या तोंडावर एका सकाळी त्या परक्या शब्दांच्या रांगेत मला दिसलं, 'आईराजा', इंग्रजी अक्षरांत, पुढं एक-दोन-तीन.

मी खुर्ची मागं सरकवून उभीच राहिले. अहो, आमच्या तुळजापूरच्या आईचं नाव! उदो उदो करताना आम्ही ज्या नावानं हाका मारतो ते नाव, समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी मशीनच्या जुडग्यात? आंघोळ न करता कुणी देव्हाऱ्यात हात घालावा तसं वाटलं मला. मग डोकं चालू झालं, आणि ते चालल्यावर जास्तच घाबरले. हा शब्द त्यांच्या जुडग्यात आला म्हणजे तो कुठंतरी चाललाय. आमच्याच मुलखात कुणाचं तरी दार या किल्लीनं उघडलंय.

घरी विचारलं, "आईराजा एक-दोन-तीन कुणाचा पासवर्ड असेल हो?" घरचे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "निम्म्या जिल्ह्याचा."

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकरी कुळव-पाभर धुऊन ठेवतो, गॅरेजवाला पान्हे मांडतो, आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर पुजतात. सगळी मशीनं पुसायची, बंद करायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत हा नियम सगळे पाळायचे. परीक्षेचे नियम कुणी इतके पाळलेले मी बघितले नाहीत. माझं ऐकणारं मशीन तेवढं मी चालू ठेवायचे. त्याला कुंकू लावून म्हणायचे, बाबा, तुझी पूजा झाली, तू काम कर.

बाहेरच्या पत्त्यांसारखे कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवरही मी काही पत्ते मुद्दाम रिकामे ठेवलेले होते. एरवी तिथं अधूनमधून एखादा प्रिंटर भरकटून यायचा. त्या दुपारी सगळं कॉलेज बंद. लॅबमध्ये झेंडूचा वास, कुठं पंख्याचा आवाज नाही. मी पर्स उचलून निघणार, तेवढ्यात मशीनकडं नजर गेली.

आतल्या रिकाम्या पत्त्यांवर कुणीतरी ओळीनं कड्या हलवत होतं.

आतून! अहो, घरात मी एकटी आणि आतल्या खोलीतून थाप ऐकू यावी, तसं झालं. कोण चालवतंय? सगळी मशीनं तर फुलं डोक्यावर घेऊन झोपलेली! मी धावत लायब्ररीत गेले. तिथं आमच्या सगळ्या वायरी एका पेटीत येतात, चालू वायरीपाशी हिरवा दिवा लुकलुकतो. माझ्या खोलीकडं जाणाऱ्या वायरीचा दिवा सोडला तर सगळी पेटी काळी. आणि तरी आणखी एक दिवा लुकलुकत होता.

ती वायर मी लावलेली नव्हती. हातानं चाचपत गेले. ती कपाटामागून खिडकीबाहेर गेली होती. बाहेर जाऊन बघते तर लिंबाच्या फांदीला लाल दोऱ्यानं बांधलेली, आणि तिथून थेट दवाखान्याच्या पत्र्यावर. मला आजवर सांगितलं होतं, दवाखान्याची लाइन वेगळी आहे, तिकडं तुमचं काम नाही. मी लिंबाखाली उभी राहून कपाळावर हात मारला.

वायर बाळंतिणींच्या वॉर्डात उतरत होती. तिथल्या मुख्य नर्स शकुंतला सिस्टर. बाई अशी, की तिनं हात धरला तर वेणा थांबतात म्हणायच्या खेड्यातल्या बायका. सिस्टर आपल्या खोलीत नैवेद्याची वाटी झाकत होत्या.

"या या सुनंदाबाई, आजच्या दिवशी कसं काय? प्रसाद घ्या."

मी प्रसादाकडं बघितलंच नाही. कपाटाच्या खालच्या फळीवर एक काळी पेटी होती. कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारी. तिच्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि ती चालू.

"ही बंद नाही केली?"

"अवं, ती कशी बंद करायची? राखण करती ती," सिस्टर म्हणाल्या. "म्या तशीच पुजली."

मी वाकून नेटवर्कची वायर उपटली. माझ्या खोलीतल्या थापा तिथंच थांबल्या असणार, हे मला न बघताही कळत होतं.

सिस्टर ओरडल्या, "काय करताय? पोरीबाळींचा वॉर्ड हाय!"

तेच तर. वर्षापूर्वी बाळं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा उठली होती. बायका रडायला लागल्या, बाळंतपणाला यायला घाबरू लागल्या. तेव्हा सिस्टरनीच मागं लागून वॉर्डात कॅमेरा बसवून घेतला. पडदा स्वतःच्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये. काही बायकांनी कुरकुर केली होती. मुरुमकडच्या मीरानं तर, गेल्याच आठवड्यात पायाला सूज म्हणून लवकर भरती झालेली ती, कॅमेऱ्यावर फडकं टाका म्हणून हट्टच धरला होता. सिस्टर तिच्या खाटेवर बसून म्हणाल्या होत्या, "माझ्याबिगर कुणी बघत न्हाय गं. माझा शब्द हाय." सिस्टरच्या शब्दावर मीरानं फडक्याचा हट्ट सोडला होता.

मी बालाजीला फोन लावला. कॅमेरे बसवणारा, जिल्हाभर त्याचंच काम. सिस्टरला ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

"बालाजी, ही वायर कॉलेजातून का ओढली?"

"जवळ पडली, मॅडम. अध्यक्षसाहेबांना मोबाइलवर बघायचं होतं, त्याला नेट लागतंय. बाहेरून उघडं ठेवलंय मी."

सिस्टर भिंतीला टेकल्या. "साहेबांना दिसतंय? माझा वॉर्ड?"

"पासवर्ड काय टाकलास?" मी विचारलं, पण उत्तर मला आधीच माहीत होतं.

"आईराजाचा. सिस्टरनीच सांगितला की, आईचं नाव घाल, वाईट नजर पडायची न्हाय. समदेच तेच सांगतेत मॅडम, भूमपासून उमरग्यापर्यंत. आता तर म्या न इचारताच टाकतो."

भक्तीनं घातलेलं कुलूप, आणि सगळ्यांनी एकच घातलेलं! एकाचं उघडलं की सगळ्या जिल्ह्याचं उघडलं. मी पेटी सिस्टरच्या पडद्यावर उघडून बघितली. आत कोण कधी शिरलं ते पेटीला आठवत होतं. अध्यक्षसाहेब होते. त्यांच्याखेरीज परक्या मुलखांतले पत्ते होते, पुन:पुन्हा. दार उघडून ते आत आले होते, आणि मग आमच्याच पेटीला कामाला लावून तिच्याकडून शेजारच्या कड्या हलवून घेत होते. कड्या हलवल्या म्हणून मला कळलं. ते चोर नुसतं बसून बघत राहिले असते तर मला जन्मात कळलं नसतं.

मी साहेबांना फोन केला. ते आधी म्हणाले, "मी कुठं बघतो? मोबाइलमध्ये आहे एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, सण आहे. वायर काढली ना? झालं. बायकांना काही सांगू नका, दवाखाना ओस पडेल. तुमची निवृत्तीही जवळ आलीय, शांततेत जाऊ द्या."

पुढचं आधीच सांगून टाकते. मी लेखी तक्रार केली. पोलिसांनी पेटी नेली. परक्या मुलखातल्या पत्त्यांमागं खरं कोण होतं ते अजून कळलेलं नाही, बहुतेक कळणारही नाही, कारण चोर दुसऱ्याच्याच घरातून थाप मारतो, जशी आमच्या पेटीतून मारत होता. बालाजी बिचारा दिवाळी होईपर्यंत मोटारसायकलवर गावोगाव फिरून पासवर्ड बदलत होता. कित्येकांनी त्याला सांगितलं म्हणे, आईचं नाव काढू नकोस, अपशकुन होईल. काहींनी त्याला हाकलून दिलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी मला शाल दिली, माझ्याकडं न बघता.

पण त्या दुपारी फोन ठेवल्यावर मी सिस्टरला म्हटलं, "साहेब नको म्हणतात." मला वाटलं होतं, त्या रडतील. त्यांनी टोपी नीट केली.

"शब्द साहेबांनी दिला न्हवता," त्या म्हणाल्या. "म्या दिला हुता."

"सिस्टर, सासरचे काय म्हणतील या पोरींना? उलटं त्यांनाच बोल लावतील."

"लावतील. म्हून आता सांगायचं, निस्त्या बायका हायत तवर. नवऱ्यांना सांगायचं का न्हाय ते त्यांचं त्यांनी ठरवावं." मग माझा दंड धरून म्हणाल्या, "तुमी चला. मला त्यातलं कळत न्हाय. इचारलं तर सांगाय कुणीतरी पायजे."

वॉर्डात गेलो. दरवाजा लावून घेतला. सिस्टरनी आधी स्टूल ओढून कॅमेऱ्याचं बटण बंद केलं, लाल दिवा गेला, आणि मग खाटांच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं. कॅमेऱ्याची वाट बाहेरून उघडी होती. परकी माणसं आत शिरली होती. माझा शब्द खोटा पडला, मला माफ करा. एवढंच, एका दमात. एक बाई हमसून रडायला लागली. एकीनं सिस्टरला तोंडावर शिवी दिली, आणि सिस्टरनी ती मान खाली घालून ऐकून घेतली.

मीरा आपल्या खाटेवर बसली होती. तिला पोरगी झाली होती, ती तिला पाजत होती. तिनं माझ्याकडं बघितलं.

"तुमी नेटवाल्या मॅडम ना?"

"हो."

"मग सांगा की. मला बघितलं का कुणी?"

अहो, रिकाम्या पत्त्यावर कोण आलं, कुठून आलं, कुठली किल्ली लावली, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. आयुष्य त्यात गेलं माझं. आणि त्या पोरीनं विचारलं ते मला सांगता येईना. दार उघडलं एवढं पेटी सांगते. आत आलेल्यानं डोळे कुठं लावले, काय पाहिलं, काय घेऊन गेला, ते ती सांगत नाही.

"माहीत नाही गं," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. कळायची सोय नाही."

तिनं मान हलवली. कॅमेरा बंद होता, दिवा गेलेला होता, तिच्यासमोरच बंद केला होता आम्ही. तरी ती लेकरासकट वळून भिंतीकडं तोंड करून बसली, पदर आधी स्वतःच्या डोक्यावरून घेतला, आणि मग त्याचं टोक ओढून त्या चिमुरडीचं तोंड झाकलं.